नाकारलेले पद आणि न वाचलेला कागद

१९६२ च्या चिनी आक्रमणाची आठवण निघाली की पश्चिम महाराष्ट्रात, विशेषतः कोल्हापूरच्या परिसरात, एक हळहळ हमखास ऐकू येते. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांना लष्करप्रमुखपद मिळाले असते तर नेफातील नामुष्की टळली असती, आणि ते मिळाले नाही याचे कारण दिल्लीकरांचा मराठी माणसाविषयीचा आकस, असे या हळहळीचे दोन पदर. पहिल्या पदरात थोडेफार तथ्य असू शकेल, दुसऱ्यात नाही. तरीही दुसराच अधिक लोकप्रिय आहे आणि सभासंमेलनांतून पुरोगामी कार्यकर्तेही तो कळत-नकळत उगाळीत असतात. या गाऱ्हाण्याच्या धुरळ्यात थोरातांच्या कारकिर्दीतला खरा महत्त्वाचा प्रश्न दिसेनासा होतो, आणि तो प्रश्न एका माणसाच्या बढतीपुरता नाही.

बढतीची हकीकत आधी सांगून टाकलेली बरी. मे १९६१ मध्ये जनरल थिमय्या निवृत्त झाले. आपल्यामागून थोरातांनी यावे अशी त्यांची इच्छा होती आणि ती त्यांनी दडवून ठेवली नाही. सरकारने निवड केली ती लेफ्टनंट जनरल प्राणनाथ थापर यांची. थापर आणि थोरात हे दोघेही १९२६ चे अधिकारी. परंतु त्या वर्षातच थापर काही महिन्यांनी ज्येष्ठ. म्हणजे सेवाज्येष्ठतेचा दंडक लावला तर सरकारने नियमाला धरूनच वर्तन केले असे म्हणावे लागते. नियमभंग झाला असता तो थोरातांना नेमल्यामुळे. खुद्द थिमय्या १९५७ मध्ये त्या पदावर आले ते दोन ज्येष्ठ अधिकाऱ्यांना मागे सारून, ही गोष्टही सोयीस्करपणे विसरली जाते. तेव्हा ज्येष्ठता डावलली गेली म्हणून कोणी अश्रू ढाळले नाहीत. १९६१ मध्ये ज्येष्ठता पाळली गेली म्हणून मात्र आजही ढाळले जातात! सैन्यात कोणाला बढती द्यावी हा अधिकार निवडून आलेल्या सरकारचा आहे. तो त्याने शहाणपणाने वापरला की नाही यावर वाद घालता येईल, अधिकारावर नाही.

मग थोरातांच्या कारकिर्दीत लक्ष द्यावे असे काय आहे? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९०६ साली कोल्हापूर संस्थानातील वडगाव येथे जन्मलेला हा मुलगा इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात पोहोचला आणि पुढे चौदाव्या पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत दाखल झाला. ज्या सैन्यात हिंदी अधिकारी हा अपवाद होता, आणि गोऱ्या सोजिरांवर हिंदी अधिकाऱ्याचा हुकूम चालावा ही कल्पनाही साहेबांच्या क्लबमध्ये हास्यास्पद मानली जात होती, अशा सैन्यात या पिढीने उमेदवारी केली. याच पलटणीत थोरातांच्या मागोमाग आलेला एक अधिकारी म्हणजे महंमद अयूबखान. एकाच भोजनगृहात जेवलेल्या या दोघांपैकी एकाने पुढे, ऑक्टोबर १९५८ मध्ये, आपल्या देशातील राज्यघटना गुंडाळून सत्ता बळकावली. दुसऱ्याने आपले म्हणणे लेखी स्वरूपात वरिष्ठांकडे पाठविले, ते फेटाळले गेले तेव्हा नोकरीची मुदत शिस्तीत पुरी केली आणि घरी परतला. विद्यालय तेच, रेजिमेंट तीच, परंपराही तीच. तेव्हा फरक केवळ लष्करी संस्कारांचा नव्हता. इकडे सार्वत्रिक मतदानाने निवडलेली संसद होती, राजकीय पक्ष होते आणि त्यांच्या मुळाशी स्वातंत्र्यचळवळीत मुरलेली माणसे होती, तिकडे हे सारे पांगळे झाले होते.

जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात आराकानच्या किनाऱ्यावर कांगाव येथे जपान्यांशी जी घनघोर लढाई झाली, तीत एकावन्नाव्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे सेनापती हिंदी होते : थिमय्या, थोरात आणि लायोनेल प्रतीप सेन. थोरातांकडे दुसऱ्या पंजाब रेजिमेंटची दुसरी पलटण होती. टेकडीवरचे जपानी मोर्चे संगिनींच्या हल्ल्याने जिंकावे लागले. तिघांनाही डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर हे पदक मिळाले. हिंदी माणसाला पलटण हाताळता येत नाही, हा साम्राज्याचा आवडता सिद्धांत त्या टेकड्यांवर निकालात निघाला. ही तीन नावे वाचकाने लक्षात ठेवावीत. पुढे हीच तीन नावे चीनच्या सरहद्दीवर पुन्हा भेटणार आहेत.

स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये कोरियात युद्धबंदी झाली तेव्हा मायदेशी परत जाण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा प्रश्न मोठा बिकट झाला. बावीस हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियन कैदी भारतीय सैन्याच्या ताब्यात आले. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या, आणि कैद्यांची प्रत्यक्ष राखण करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख मेजर जनरल थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतावर उघड दात खाऊन होते. चिनी आणि उत्तर कोरियन बाजूला भारतीय दल पक्षपाती वाटत होते. आणि कैद्यांच्या छावण्यांत चॅंग कै-शेकच्या हस्तकांची दहशत होती. एका प्रसंगी बिथरलेल्या कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओढून डांबून ठेवले. गोळीबार करून त्याला सोडविता आले असते, पण मग किती प्रेते पडली असती आणि जगात भारताच्या मध्यस्थीची काय शोभा झाली असती हे सांगणे नको. थोरात स्वतः कैद्यांच्या त्या जमावात गेले, त्यांच्याशी बोलले आणि आपल्या अधिकाऱ्याला बाहेर घेऊन आले. त्याबद्दल त्यांना अशोकचक्र, द्वितीय श्रेणी (आजच्या नावाने कीर्तिचक्र) देण्यात आले. शांततेच्या धोरणाला सैनिकाची गरज नसते असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात घ्यावा. नेहरूंच्या परराष्ट्रनीतीचे जगात जे नाव झाले, त्यातला काही वाटा कुंपणाच्या आत निःशस्त्र शिरणाऱ्या अशा माणसांचा होता.

मे १९५७ मध्ये थोरात पूर्व विभागाचे सरसेनापती झाले. या विभागाचे मुख्यालय तेव्हा लखनौला होते. ईशान्य सीमा प्रदेश, म्हणजे नेफा, आजचा अरुणाचल प्रदेश, या विभागाच्या भौगोलिक कक्षेत येत असला तरी तेथील सरहद्द सैन्याकडे नव्हती. ती आसाम रायफल्सची तुरळक ठाणी सांभाळीत होती आणि या दलावर अंमल होता परराष्ट्र खात्याचा. ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजू येथे चकमक झाली, आणि जी सरहद्द इतके दिवस नकाशावरची रेघ होती ती एकाएकी रक्ताने ओली झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नेफाची जबाबदारी सैन्याकडे सोपविण्यात आली. मात्र त्याआधीच, ऑक्टोबर १९५९ मध्ये, थोरातांनी आपल्या विभागाच्या संरक्षणस्थितीचे एक सविस्तर मूल्यमापन लिहून लष्करी मुख्यालयाकडे धाडले होते.

त्या कागदाचा गाभा सामान्य माणसालाही समजेल इतका साधा होता. मॅकमहोन रेषा ही राजकीय सीमा आहे, लष्करी तटबंदी नव्हे. रेषेपर्यंत आपले रस्ते नाहीत. पलीकडे तिबेटच्या पठारावर चीन रस्ते बांधीत पुढे सरकतो आहे. अशा स्थितीत रेषेवर बसविलेली लहान लहान ठाणी धोक्याची घंटा वाजवू शकतील, शत्रूला थोपवू शकणार नाहीत. म्हणून खरी फळी मागे, बोमडिलासारख्या जागी, जेथे आपली रसद पोहोचू शकते तेथे उभारावी. शत्रूला डोंगर उतरून तेथवर येऊ द्यावे, म्हणजे त्याची रसद लांबते, आपली आखूड होते, आणि लढाई आपल्या सोयीच्या जागी होते. त्यासाठी इतके सैन्य, इतक्या तोफा, इतके रस्ते लागतील. हे नसेल तर सैन्याला आपले काम पार पाडता येणार नाही, हेही त्यात स्पष्ट होते. मार्च १९६० मध्ये थोरातांनी लखनौच्या मुख्यालयात ‘लाल किल्ला’ या नावाने एक युद्धाभ्यास घेतला आणि लष्करी मुख्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर हेच चित्र टप्प्याटप्प्याने मांडले. चीनची चाल कशी येईल, कोठे येईल आणि आजच्या बळानिशी आपले काय होईल, हे त्या सर्वांनी पाहिले. कोणाला माहीत नव्हते असे नंतर म्हणण्याची सोय उरली नाही.

थिमय्यांनी तो कागद संरक्षणमंत्र्यांकडे पाठविला. थोरातांच्या १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आत्मकथनाप्रमाणे कृष्ण मेनन यांना तो अतिरंजित वाटला. चीनला राजनैतिक पातळीवर आपण रोखू शकतो, असा त्यांचा विश्वास होता. कागद तेथेच राहिला. युद्धानंतर नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतले आणि हे टिपण आपल्याला का दाखविले गेले नाही असे विचारले, तेव्हा याचे उत्तर मेनन यांनाच विचारावे लागेल, असे थोरात म्हणाले. हीही नोंद त्याच आत्मकथनातील. आत्मकथन म्हणजे एका बाजूची साक्ष, हे मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. कागद लिहिला गेला होता, त्यावर युद्धाभ्यास झाला होता, आणि त्यानंतरच्या अडीच वर्षांत सरकारने नेमके उलट केले. नोव्हेंबर १९६१ मध्ये ठाणी आणखी पुढे नेण्याचे धोरण ठरले. जी ठाणी केवळ घंटा म्हणून उपयोगी, त्यांनाच तटबंदी समजण्यात आले. मैदानी लढाईसाठी पंजाबात तयार झालेली चौथी डिव्हिजन डोंगरात पाठविण्यात आली. तिच्याकडे पुरेशी थंडीची वस्त्रेही नव्हती.

मेनन यांच्या बाबतीत मात्र न्यायाने बोलले पाहिजे. या गृहस्थाला मूर्ख किंवा देशद्रोही ठरविणारे लिखाण पुष्कळ झाले आहे. त्यातले बरेचसे त्यांच्या डाव्या मतांवरचा राग काढण्यासाठी लिहिलेले. शस्त्रास्त्रे देशातच तयार व्हावीत हा आग्रह त्यांचा होता आणि तो बरोबर होता. आवडीचा रणगाड्यांचा कारखाना, विमानांची बांधणी, या गोष्टींची मुळे त्यांच्या काळात आहेत. देशातली पहिली सैनिकी शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात निघाली तीही त्यांच्याच कारकिर्दीत. परकीय चलनाची चणचण १९५७ पासून इतकी तीव्र होती की दुसऱ्या योजनेलाच कात्री लावावी लागली. अशा वेळी सरसेनापतीने मागितलेली प्रत्येक डिव्हिजन द्यावी असे कोणी म्हणणार नाही. सेनापती नेहमीच अधिक मागतो, जसा गृहिणीकडून किराण्याची यादी घेऊन निघालेला माणूस दुकानात खिशाकडे पाहून काही जिनसा खोडतो तसे अर्थमंत्र्याला करावेच लागते. परंतु जिन्नस खोडणे वेगळे आणि घरात धान्य संपले आहे हे सांगणारालाच घाबरट ठरविणे वेगळे. पैसे नाहीत म्हणून सैन्य देता येत नसेल, तर ठाणी पुढे नेण्याचे धोरणही थांबवायला हवे होते. साधने एका हिशेबाची आणि साहस दुसऱ्या हिशेबाचे, ही विसंगती कोणत्याही जमाखर्चात बसत नाही.

आणि अखेर जमाखर्च चुकता करावाच लागला. २० ऑक्टोबर १९६२ ला नामका चू नदीकाठची सातवी ब्रिगेड चिरडली गेली. १८ नोव्हेंबरला से ला सोडावी लागली, त्यापाठोपाठ बोमडिला पडले, आणि २१ नोव्हेंबरला चीनने आपण होऊन युद्धबंदी केली. अधिकृत आकड्यांप्रमाणे १,३८३ जवान ठार झाले, १,६९६ बेपत्ता, ३,९६८ कैद. पूर्व विभागाचे सरसेनापती तेव्हा होते कांगावचेच लायोनेल सेन. आघाडीवरच्या कोअरचे प्रमुख होते लेफ्टनंट जनरल ब्रिजमोहन कौल. लढाईत एखाद्या पलटणीचेसुद्धा नेतृत्व त्यांनी कधी केले नव्हते. थिमय्या व थोरात यांना युद्धानंतर राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर घेण्यात आले. कांगावच्या तिघांपैकी दोघांचा सल्ला हवासा वाटला तो असा, सारे होऊन गेल्यावर.

हा झाला माणसांचा हिशेब. पैशांचा हिशेब क्वचितच मांडला जातो. १९६१-६२ मध्ये संरक्षणावरचा खर्च तीनशे कोटी रुपयांच्या आसपास होता. १९६३-६४ च्या अर्थसंकल्पात तो साडेआठशे कोटींच्या पुढे गेला. पुढील वर्षी पाच हजार कोटींची पंचवार्षिक संरक्षण योजना आखण्यात आली आणि सव्वाआठ लाखांच्या खड्या सैन्याचे उद्दिष्ट ठरले. शांततेच्या काळात सावकाश, रस्ते बांधीत आणि कारखाने उभारीत जे करता आले असते, ते घाबरगुंडीत, परक्यांकडे हात पसरून करावे लागले. अलिप्ततेचा झेंडा मिरविणाऱ्या पंतप्रधानांना १९ नोव्हेंबरला केनेडींकडे लढाऊ विमानांची मागणी करणारी पत्रे पाठवावी लागली. आणि देशात? मोरारजीभाईंनी सक्तीच्या बचतीची योजना आणली. तिचा बोजा अगदी साध्या मिळकतीच्या माणसांवर पडला आणि असंतोष इतका झाला की त्याच वर्षी ती बरीचशी मागे घ्यावी लागली. जानेवारी १९६३ च्या सुवर्णनियंत्रणाने चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे दागिने घडविण्यास बंदी घातली आणि गावोगावचे सोनार एका रात्रीत बेकार झाले. सराफांचे फारसे बिघडले नाही. बिघडले ते फुंकणी आणि चिमटा घेऊन पेढीच्या पायरीवर बसणाऱ्या कारागिराचे. तिसऱ्या योजनेतील शाळा, दवाखाने, पाटबंधारे यांचे काय झाले ते सर्वश्रुत आहे. लखनौहून आलेला एक कागद न वाचल्याची किंमत कोल्हापूरच्या गुजरीत बसलेल्या सोनाराने मोजली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

येथे काही सुजाण कार्यकर्ते एक शंका काढतात आणि ती रास्त आहे. सेनापतींचे म्हणणे सरकारने ऐकलेच पाहिजे असा आग्रह धरला, तर नागरी सत्तेचे लष्करावरील वर्चस्व उरेल काय? अयूबखानांचा शेजार असताना नेहरूंना सेनापतींविषयी सावधगिरी वाटली तर ती चूक होती काय? चूक नव्हती. ३१ ऑगस्ट १९५९ ला थिमय्यांनी मेनन यांना कंटाळून राजीनामा दिला, नेहरूंनी मनधरणी करून तो परत घ्यावयास लावला आणि दोनच दिवसांनी संसदेत हे प्रकरण क्षुल्लक आणि स्वभावभेदातून उद्भवलेले असल्याचे सांगून नागरी सत्तेच्या श्रेष्ठत्वाचे सूत्र मांडले. सूत्र निःसंशय योग्य होते. पण त्याचा उपयोग झाला तो मूळ प्रश्न झाकण्यासाठी. नागरी सत्ता म्हणजे कोण? एक मंत्री? त्याच्या मर्जीतले दोन अधिकारी? की ज्या सभागृहाला तो मंत्री जबाबदार आहे ते सभागृह? थोरातांचा कागद मंत्र्याने नाकारला यात घटनाबाह्य काही नाही. पण तो पंतप्रधानांपुढे गेला नाही, मंत्रिमंडळापुढे गेला नाही, संसदेला त्याची कुणकुणही लागली नाही. तेथे लष्करावर लोकांची सत्ता नव्हती. एका व्यक्तीची होती. सैनिक आज्ञाधारक राहिला, आणि त्याच्या आज्ञाधारकपणाचा फायदा घेऊन लोकप्रतिनिधींना अंधारात ठेवले गेले.

कोणी बोललेच नाही असे मात्र नव्हे. तिबेट गिळला गेला तेव्हापासून लोहिया हिमालयी धोरणाबद्दल कानीकपाळी ओरडत होते. एप्रिल १९६१ मध्ये आचार्य कृपलानींनी लोकसभेत मेनन यांच्यावर सैन्यात गट पाडल्याचा, मनोधैर्य खच्ची केल्याचा आणि सैन्याच्या सज्जतेकडे दुर्लक्ष केल्याचा जाहीर आरोप केला. उत्तर काय मिळाले? बढत्या निवडमंडळ करते, मंत्री नव्हे. पुढच्याच वर्षी उत्तर मुंबईत कृपलानी विरुद्ध मेनन हा सामना झाला, मेनन मोठ्या मताधिक्याने निवडून आले, आणि सारा देश त्या दोन व्यक्तींच्या गुणदोषांची चर्चा करण्यात रंगून गेला. चीनच्या सरहद्दीवर तोफा किती आणि रस्ते किती, हा प्रश्न त्या प्रचाराच्या गदारोळात बाजूलाच पडला. विरोधकांच्या पदरी हा दोष बांधलाच पाहिजे. बढतीचा घोळ, मर्जीतल्या अधिकाऱ्यांची नावे, यांवर बोलणे सोपे असते आणि टाळ्याही मिळतात. मागणीची यादी मागून घेणे, ती वाचणे, तिच्यावर प्रश्न विचारणे, हे कंटाळवाणे काम असते.

पदावरून रंगणाऱ्या वादाची ही खोड पुढेही सुटली नाही. १९७४ मध्ये जनरल बेवूर यांना मुदतवाढ मिळाली आणि त्यामुळे लेफ्टनंट जनरल प्रेमिंद्रसिंग भगत लष्करप्रमुख न होताच निवृत्त झाले. १९८३ मध्ये लेफ्टनंट जनरल सिन्हा यांना मागे ठेवून जनरल अरुणकुमार वैद्य यांना नेमण्यात आले आणि सिन्हांनी राजीनामा दिला. या दुसऱ्या प्रसंगी ज्यांचा लाभ झाला ते मराठी होते. त्या वेळी दिल्लीचा आकस कोठे गेला होता, असे कोल्हापूरच्या हळहळीला विचारावेसे वाटते! डिसेंबर २०१६ मध्ये दोन ज्येष्ठांना डावलून जनरल रावत यांची निवड झाली. २०२२ मध्ये तर संरक्षणदलप्रमुखपदासाठी निवृत्त अधिकाऱ्यांचाही विचार करता येईल अशी नियमांत दुरुस्ती झाली आणि तशी नेमणूकही झाली. निवडीचे क्षेत्र जितके रुंद तितकी निवडणाऱ्याची मर्जी मोठी. पण येथेही कोणाला नेमले यापेक्षा अधिक महत्त्वाचे हे की, नेमल्या गेलेल्याने न रुचणारे मत लिहिले तर ते कोठवर जाईल.

या बाबतीत काहीच सुधारणा झाली नाही असे नाही. मेनन यांच्यानंतर आलेल्या यशवंतराव चव्हाणांनी तिन्ही दलांच्या प्रमुखांशी नियमित बैठकी घेण्याचा परिपाठ ठेवला. यशवंतराव सेनापती नव्हते, पण ऐकून घेण्याची कला त्यांना अवगत होती, आणि १९६५ मध्ये तिचा उपयोग झाला. १९९३ पासून संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती आहे. मार्च २०१८ मध्ये सैन्याच्या उपप्रमुखांनी या समितीला सांगितले की आपल्याकडील ६८ टक्के सामग्री जुनाट झाली आहे, आणि ते समितीच्या अहवालात छापले गेले, वृत्तपत्रांत आले. १९५९ मध्ये अशी एखादी समिती असती तर थोरातांच्या टिपणाला दुसरे एक दार उपलब्ध असते. अर्थात दार असणे आणि त्यातून कोणी आत डोकावणे यांत अंतर आहे. संरक्षणाच्या मागण्या, देशाच्या खर्चातला हा इतका मोठा वाटा, लोकसभेत कित्येकदा चर्चेवाचूनच मंजूर होतात, आणि त्याबद्दल सभात्याग करावा असे विरोधी बाकांवरही कोणाला वाटत नाही.

थोरात निवृत्तीनंतर महाराष्ट्रात परतले. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी काम केले. राजकारणात उडी घेतली नाही, सेनापतीच्या गणवेशातल्या तसबिरीवर मते मागितली नाहीत. आजकालच्या काही निवृत्त सेनाधिकाऱ्यांच्या तुलनेत हे उठून दिसते. आपले म्हणणे त्यांनी पुस्तकात मांडले तेही पाव शतक उलटल्यावर. १९९२ मध्ये ते निवर्तले.

१९६२ च्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत या दोघांनी केली. हे भगत म्हणजे पुढे १९७४ मध्ये प्रमुखपद हुकलेले तेच. अहवाल १९६३ मध्ये सरकारला सादर झाला. त्या वर्षी २ सप्टेंबरला यशवंतरावांनी त्यातील काही निष्कर्षांचे निवेदन लोकसभेत केले. नंतर जनता पक्षाचे, काँग्रेसचे, भाजपचे लोक संरक्षणमंत्री झाले. समाजवादी चळवळीतून आलेले जॉर्ज फर्नांडिसही झाले. विरोधी बाकांवर असताना यांतील कित्येकांनी अहवाल खुला करण्याची मागणी केली होती. २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने त्याचा काही भाग जगापुढे ठेवला. संसदेच्या पटलावर तो कोणीही ठेवलेला नाही.